चार नंबर

पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणून आमची बिअरही पाचव्या दिवशीच शिजते.
पहाटे साडेतीनला नळ खाकरला की
पहिल्या दोन घागरी मी गच्चीवर चढवतो,
क्लोरीनचा वास उडेपर्यंत झाकण ठेवत नाही.
बायको म्हणते, एवढी निगा पोरांची राखली असती तर.
खरंच म्हणते.

ज्वारी मालदांडी. गोणपाटात मोड आणायचे,
मग साखर पेठेच्या गच्चीवर वाळवायचे.
ऊन फुकट. तेवढ्यात तरी आम्ही श्रीमंत.

मी रंगखात्यातला. चौतीस वर्षं सुताला रंग पाजला.
पासष्ट अंश आणि सत्तर अंश,
फरक आधी बोटाला कळतो,
थर्मामीटर मागून कबूल करतो.
पण मे महिन्यात यीस्टला कोण समजावणार?
त्रेचाळीसात तेही माणसासारखंच वागतं,
चिडतं, घाईत उरकतं,
आणि मागं कडवट काहीतरी ठेवून जातं.
म्हणून डब्याला ओली चादर,
मोराची, एका बाजूला वीण चुकलेली, कारखान्याने परत घेतलेली,
आणि तिच्यावर टेबलफॅन.
लाईट गेली की कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन
शेजारी मी.

रविवारी यमुलच्या माडीवर जमलो.
अंबादास यमुल, मागांचा जॉबर, अजून कानात कापूस.
चन्नवीर हलकुडे, औषधांच्या दुकानातला,
प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ आणि 'हलवून घ्या'.
सायलस रणपिसे, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त,
चंचुपात्रातूनच पितो, म्हणतो मापात राहतं.
जिन्यात पाऊल वाजलं तर काय म्हणायचं ते ठरलेलं:
ताक.

सोड्याच्या जाड बाटल्यांना चिंध्या गुंडाळल्या,
चिंध्यांवर खडूने आकडे.
कुणाची कुठली, कुणालाच कळू नये.
गुंडाळल्या अंबादासच्या आईने, लच्चम्मांनी,
त्यांना आकडे वाचता येत नाहीत, काढता येतात.

एक नंबर: भाजक्या शेंगांचा वास, फेस दमदार.
दोन: चिंच टाकलीय कुणीतरी. टाकणारा हसू दाबत होता.
तीन उघडली ती छतालाच भेटून आली.
उरलेली चार घोट, पण काय घोट!
मधे कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी,
जीभ पुसून घ्यायला. खरं तर भुकेला.

मग चार नंबर.
मी ग्लास उजेडाकडे धरला. हुंगला. मान हलवली.
"घाई झालीय," म्हणालो.
"डबा धुतलाय, पण मनापासून नाही.
दुपारी कुणीतरी झोपलं होतं,
तेव्हाच उकाडा आत शिरलाय.
माणूस बरा असेल, सबूर नाही."
आणखीही बोललो. निवृत्त माणसाला
एवढं ऐकून घेणारं कोण मिळतं?

चन्नवीर लिहून घेत होता.
सायलस चंचुपात्रात बघत राहिला.
अंबादासने चिंधी सोडली.
बुचाला हिरव्या रंगाची तार,
माझ्याच खात्यातली, माझ्याच पिळाची.

"का बे मास्तर," तो एवढंच म्हणाला.
बाकीचं सगळं पंख्याने ऐकवलं.

लच्चम्मांनी माझा ग्लास ओढून घेतला.
करीमनगरकडच्या गावात, बापाच्या शिंदीच्या झाडाखाली
लहानपणी सकाळी जे प्यायल्या होत्या,
त्याचं काहीतरी तेलुगूत पुटपुटल्या.
मला त्यातला 'पुल्लगा' तेवढा कळला. आंबट.
मग ग्लास रिकामा करून
त्यांनी तो पुन्हा पुढे केला.

निघताना सगळ्यांनी एकमेकांच्या बाटल्या वाटून घेतल्या.
चार नंबरच्या उरलेल्या दोन लच्चम्मांच्या फडताळात.
मी मागितल्या होत्या. दिल्या नाहीत.

रात्री कन्ना चौकात हवालदाराने पिशवी अडवली.
काच वाजली.
"काय हाय?"
"ताक."
त्याने रुमालाने मान पुसली, टोपीखालून, हळूहळू.
"गार हाय का?"
"नाही हो."
"मग जावा की," म्हणाला,
आणि पिशवीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.