चाळीसचा बोल्ट

कारखान्याच्या लिलावात ऊस विभागाची जीप
आमच्याच गळ्यात पडली. दुसरं कोणी बोलीच वाढवली नाही.
भंगारवाला हसत बाजूला झाला,
"भूपालअण्णा, किलोवर घेतली असती तर स्वस्त पडली असती."

ट्रॅक्टरला साखळी लावून उद्यमनगरात आणली.
मागच्या लोखंडी बाकड्यावर सन्मती,
हत्तीवरून साखर वाटायला निघाल्यागत.
अठराला अजून चार महिने कमी.

सीटखाली चिपाडं निघाली, बिनमुठीचा कोयता,
वजनकाट्याची पावती, शाई उडालेली:
नाव नाही, गाव नाही, नुसते टन उरलेत.
आणि वायरिंगच्या कापडात उंदराची पाच पिल्लं,
डोळे न उघडलेली.
त्यांना खोक्यात हलवण्यात अख्खा रविवार गेला.

दस्तगीर मिस्त्री कानानं बघतो.
बॉनेटवर वाकून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला,
"इंजिनात जीव हाय. ब्रेकात न्हाई.
आधी थांबायचं बघू, पळायचं मागनं."

चारी ड्रम लेथवर मीच तासले.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या पंपांचे तुकडे तासतोय,
केसभर चूक कधी चालवूनही घेतली असेल.
या चारांना नाही.
रात्री जेवून पुन्हा गेलो, शटर अर्धं उघडून
पुन्हा मापलं.

तिला वेल्डिंग शिकायचं होतं.
काच धर. ठिणगीकडं बघू नको, जोडाकडं बघ.
पहिला जोड कोंबडीनं उकरल्यासारखा,
दुसरा बरा,
तिसऱ्याला मी काही बोललो नाही.
डोक्यावरच्या पाईपाचे जोड मात्र मीच मारले,
ती क्लासला गेली होती तेव्हा.

तिची आई आधी म्हणायची, पोरीला स्कुटी घ्यायची सोडून!
मग डब्यात तीन माणसांच्या भाकरी यायला लागल्या,
आणि एक दिवस सीटची कव्हरं, घरीच शिवलेली,
शिवण दुहेरी.

एक काम मी कोणाला न सांगता केलं.
ॲक्सिलरेटरच्या पट्टीखाली एक बोल्ट, वर लॉकनट.
पाय किती का दाबा,
काटा चाळीसच्या पुढं जायचा नाही.
दस्तगीरनं पाहिलं. पान्हा पुसत राहिला.
त्यालाही तीन मुली.

टोपच्या बंद पडलेल्या खाणीत नेली पहिल्यांदा.
"मी चालवतो, तू नुसता बस."
चालवतो म्हणते ती, चालवते नाही;
आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात,
पुण्याची आत्या दर सुट्टीत दुरुस्त करते,
दर सुट्टीत हरते.

चढावर दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा तिनं छोटा दांडा ओढला,
पुढची चाकं मागच्यांच्या मदतीला आली,
खडी उडाली, बोनेट आभाळाकडं,
आणि माझा पाय डावीकडच्या पत्र्यावर
असा रोवलेला, जणू तिथंही एक ब्रेक आहे.

वर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं.
खाली खाणीतलं हिरवं पाणी, लांब जोतिबाचा डोंगर.
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"पप्पा, पायाखालचा बोल्ट मला कवाच घावलाय."

मग?

"मग काय? दोन आटे खाली घेतलाय.
लॉकनट लावलाय की परत. घट्ट."

दोन आटे.
दीड मिलीचा आटा, म्हणजे तीन मिली.
पायाखाली तीन मिली, तर काट्यावर किती?
पंचेचाळीस. फार तर अठ्ठेचाळीस.
काढून टाकता आला असता तिला,
गटारात फेकता आला असता.

"उतारही तूच घे," म्हणालो.
तिनं पहिला गिअर टाकला, ब्रेक एकदा दाबून बघितला.
माझा पाय पुन्हा पत्र्यावर गेलाच.