एक पॉइंट आठ

तांपेरेत नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच
दुकानांच्या पाट्या पेटतात.
अंधाराची मला सवय आहे, तौनो,
सवय नव्हती ती कॅमेऱ्याची.

तू काचेवर तीन मांडलेस,
काळ्या साबणाच्या तीन वड्या जणू.
पहिला लांबचं जवळ आणतो, म्हणालास,
पण आणता आणता डोळा बारीक करतो,
सुईत दोरा ओवताना मी करते तसा.
मग उजेडानं आत शिरायचं कुठून?
दुसरा नवाकोरा. किंमत ऐकली
आणि अलगद खाली ठेवला,
दुसऱ्याचं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

तेव्हा सांगितलं तुला:
क्लबच्या दारावर मोठा कॅमेरा काढून घेतात.
कोटाच्या खिशात मावायला हवा.
आणि फ्लॅश नको, वुओक्कोनं बजावलंय,
"आई, चमकवलंस तर काठी फेकून मारीन."

वुओक्को ड्रम वाजवते,
म्हणजे कायम मागे.
लाल-निळा सगळा त्या गाणाऱ्या पोराच्या केसांवर;
दिव्याखालचा अंधार म्हणतात
तो माझ्या लेकीच्या वाट्याला.
अकरा वर्षांचे फोटो आहेत घरी.
गाणारा आहे. गिटारवाला आहे.
बिअरच्या बाटल्यासुद्धा ओळखू येतात.
तिच्या जागी डाग,
डागावर कधीमधी झांजेची कड.

तू तिसरा उचललास, जुना, कोपरे घासलेला,
झूम नसलेला.
"एक पॉइंट आठ," म्हणालास,
"आकडा लहान तितका डोळा मोठा."
असला उलटा हिशेब मी पगाराच्या पाकिटात पाहिला होता,
भिंगात पहिल्यांदाच.
मग मागच्या खोलीत नेलंस, दिवा घालवलास.
कॉफीच्या यंत्राचा तेवढा तांबडा ठिपका.
"आता मला शोधा."

मी बटण दाबलं.
पडद्यावर तू आलास, रवाळ,
दुधात नुकता पेरलेला रवा असावा तसा:
कान, चष्म्याची दांडी,
आणि मिटलेले डोळे.
अंधारात डोळे मिटून कशाला उभा होतास, तौनो?
मी विचारलं नाही.
तूही लगेच दिवा लावला नाहीस.

"रवा येणारच," एवढंच म्हणालास,
"आणि शटर इतकं सावकाश ठेवलं
तर चेहरा मिळेल, हात वाहून जातील."
जाऊ देत.
एकोणीस वर्षं मी मागावर होते.
धोटा कधी धड दिसला नाही.
कापड दिसायचं.
त्याच मागांनी कान नेले माझे,
म्हणून लेकीचं वाजवणं
मला बरगड्यांत येतं, कानात नाही.

शनिवारी गेले.
झूम नाही म्हणजे आपणच सरकायचं,
घामेजलेल्या जाकिटांमधून, कोपरं खात,
एका उंच मुलीनं मला पुढे ढकललं,
कुणाची आजी हरवली असं वाटलं असेल तिला.
मंचाच्या कडेला पोट टेकवून उभी राहिले.
श्वास धरला, तू शिकवलास तसा,
फळीतून येणारा धक्का हातात उतरू नये म्हणून.
तो उतरलाच.

एकेचाळीस काढले. अडतीस नुसते काळे,
एकात माझंच बोट.
उरलेल्या दोघांपैकी एक तुला दाखवायला आणलाय.
हे बघ, जीभ दातांत धरलीय तिनं,
बुटांच्या नाड्या बांधायला शिकत होती
तेव्हा धरायची तशीच.
कपाळावर थोडा निळा,
कुणाच्या तरी वाट्याचा, सांडलेला.
हात नाहीत.
हातांच्या जागी कापड आहे,
पांढरं, ताणलेलं,
अजून विणून न झालेलं.

बॅटरी मात्र फार लवकर संपते याची.
ते नव्हतं सांगितलंस.