सहा की नऊ

हिडकलच्या पाण्यात उतरलो तेव्हा धड उजाडलं नव्हतं.
दोनशे डोकी, पिवळ्या टोप्यांची,
आणि काठावर कुणाच्या तरी आईनं चिखलात खोचलेली उदबत्ती.
मी कडोलीच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस.
विहिरीत चार हात मारले की भिंत येते,
भिंतीला धरून खोकता येतं, हसता येतं.
इथं भिंतच नव्हती.
वर आलो तेव्हा हिशेबापेक्षा बारा मिनिटं
पाण्यातच राहून गेली होती.

उद्यमबागेत मी लेथवर असतो.
केसाएवढा फरक पडला
की जॉब लाल पेटीत जातो,
कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.
वर्षभर मी स्वतःलाही तसाच मापत आलो,
पहाटे चारला सायकल, मग दुसरी पाळी,
रात्री कुत्र्यांच्या साक्षीनं पळणं.
वहीत सहा तास, लाल पेनानं गोल केलेले.

यमकनमर्डीच्या अलीकडं मागचं चाक बसलं.
जादाची ट्यूब काढली तर तिचा वॉल्व्ह कापलेला.
काल रात्री मीच तपासली होती.
मीच.
पाटाच्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधताना
उसाचा ट्रॅक्टर शेजारी थांबला,
मागं दोन डबे, वर हिरवी शेंडी हलणारी.
ड्रायव्हर म्हणाला, "हत्तरी अण्णा, यारू नोडंगिल्ला."
चढा, कुणी बघत नाही.
खरंच कुणी बघत नव्हतं.
फक्त पाटाच्या पाण्यात माझं हेल्मेट,
आणि त्याखाली तोंड असावं.
मी मान हलवली. तो उसाचं एक कांडं टाकून गेला.
तेही घेतलं नाही; नियम आहे म्हणून.
(नंतर तासभर त्या कांड्याचाच विचार केला.)

पळण्यात काही सांगण्यासारखं नाही.
ऊन. पोटऱ्यांत गोळे. एका बाभळीखाली
सकाळपासूनचं सगळं गोड पाणी उलटून पडलं,
मुंग्यांना तेवढ्यापुरता सण.
मग पाटी आली, हातानं रंगवलेली,
उरलेले किलोमीटर कन्नड आकड्यात.
मी मराठी शाळेतला,
मला ते सहा आणि नऊ जुळे भाऊ वाटतात,
शेपटीच्या एका वळणाचा फरक.
मी सहा वाचले.
सहाच्या हिशेबानं श्वास वाटला,
सहाच्या हिशेबानं देवाशी बोललो.
सहा संपले तेव्हा समोर कमान नव्हती,
दुसरी पाटी होती. तीन.
तीनचा आकडा मला येतो.

भर रस्त्यात हसू आलं, एकट्याला,
आणि हसताना बरगडी दुखली.

शेवटच्या पाण्याच्या टेबलाशी एकटी पोरगी उरली होती,
छातीवर चिकटवलेलं नाव, लगमव्वा.
पिंप पालथं घातलेलं, ग्लास पोत्यात भरलेले.
ती फोनवर कुणाला तरी दरडावत होती,
"इन्नू ओब्ब बराकत्यान!"
अजून एक जण येतोय.
मी मागं वळून पाहिलं.
रस्ता मोकळा, एक बगळा, उडून बसणारी धूळ.
बिचारा कोण असेल, म्हणून थोडा थांबलोही.
मग लक्षात आलं.
तिनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

पोचलो तेव्हा कमानीतली हवा काढत होते,
दोघं जण तिच्यावर लोळून.
जमिनीवरची चुन्याची रेघ मात्र होती,
अर्धी पुसलेली.
मी नीट बघून तिच्यावर पाय दिला.
आठ तास बावन्न. मुदत साडेआठची.
यादीत माझ्यापुढं एकच शब्द, अपूर्ण.
भरमा धामणेकर टॉवेल घेऊन उभा होता,
सकाळी सातपासून.
म्हणाला, "लई येळ लावलास की रे. भजी गार झाली."
गार भजी खाल्ली. त्यांइतकं चांगलं
बरेच दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

रात्री त्याच्या टेम्पोत सायकल आडवी टाकून निघालो.
उद्या पहिली पाळी. लाल पेटी तिथंच असेल,
मी तिच्याकडं कसा बघेन, माहीत नाही.
काकतीच्या पुढं उजेडात एकेक पाटी यायची
आणि भरमा मास्तर होऊन विचारायचा,
"हे किती?"
"नऊ."
"सहा रे."
पुढची यायची. "आणि हे?"
मी परत चुकायचो.
घर अजून सहा किंवा नऊ किलोमीटर होतं.