त्याला एकच वाक्य दिलंय

रात्रपाळीची शेवटची फेरी चोडणला लावून घरी येतो
तेव्हा भाचा झोपलेला असतो, टीव्ही चालूच.
पूर्वेशचा तो काळा खोका,
गोवा सोडून जाणाऱ्या कुणा दिल्लीवाल्याने
अर्ध्या किमतीत विकलेला.
आवाज बंद करून मी खेळायला बसतो.

माझा तिथला माणूस फारसा शूर नाही.
राजाची मुलगी डोंगरापलीकडे कोंडलीय,
त्वरा कर, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
त्याला आता चार महिने झाले.
मी ओढ्याकाठी अळंबी वेचतो,
लोहाराची हरवलेली शेळी शोधून देतो,
एका विधवेची चिठ्ठी तिसऱ्या गावात पोचवतो
आणि ती तिथल्या माणसाला आवडत नाही.
राजकन्या थांबते.
मी जाईपर्यंत ती रडायलासुद्धा सुरुवात करत नाही.

इथे एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव.
मामलेदाराकडे जाऊया रे, ताई चवथीपासून म्हणतेय.
मी साखळीला ग्रीस लावतो,
मिंगेलच्या स्कूटरला किक मारून देतो,
म्हणतो, जाऊया.
ताईचे गुडघे थांबत नाहीत.

ओझं जास्त झालंय, आता धावता येणार नाही,
असं पडद्यावर येतं.
थैली उघडून बघतो: तीन ढाली, सतरा दगड,
आणि एक किल्ली, कुठल्या दाराची ते आठवत नाही.
टाकवत नाही.
आमच्या फडताळातही अशी एक आहे.
आईने कधी विचारू दिलं नाही.

पूर्वेश म्हणतो, मामा, यात जो डोंगर दिसतो
तिथे चालत जाता येतं.
मला धक्क्यावरून पणजीचे कॅसिनो दिसतात,
पाण्यात उलटे पेटलेले.
सोळा वर्षं झाली.
माझी बोट आडवी जाते, रायबंदर ते चोडण,
ओहोटी असली तर थोडी वाकडी.

त्या खेळात दलदलीच्या टोकाला एक नावाडी आहे.
वरून ड्रॅगन गेला तरी मान वर करत नाही.
एक नाणं घेतो, पलीकडे सोडतो.
बोलायला गेलं की म्हणतो,
"आज पाण्याला ओढ आहे."
पुन्हा विचारलं तरी तेच.
एका रात्री मी त्याला वीसदा विचारलं,
पायाशी सगळी नाणी ओतली,
तलवार काढली, उड्या मारल्या.
आज पाण्याला ओढ आहे.

दुसऱ्या दिवशी पक्षी बघायला आलेला एक पोरगा,
गळ्यात हातभर लांब कॅमेरा,
म्हणाला, काका, तुम्ही इथलेच का?
मी म्हणालो, गाड्या पुढे घ्या.
त्याने पुन्हा विचारलं.
गाड्या पुढे घ्या, आणखी पुढे.
आणि मला माझाच आवाज ऐकू आला,
जसा त्याला आला असेल तसा.

त्या रात्री मी राजकन्येकडे गेलो नाही.
नावाड्याशेजारी जाऊन उभा राहिलो,
काही न विचारता.
तिथला सूर्य उगवला, धुकं विरलं, बेडूक गप्प झाले.
तो काही बोलला नाही.
मीही नाही.

सकाळी सहाच्या फेरीला एस्पेरांसा आली.
पाटी खाली ठेवत म्हणाली, "बरें मू?"
सोळा वर्षं हेच म्हणते.
मुलगा बोटीवर नोकरीला गेला त्या दिवशी म्हणाली होती,
आणि तीन वर्षांनी
काळा झगा घालून आली
त्या दिवशीही हेच,
फक्त पाटी रिकामी होती.
दोन्ही वेळा मी मान हलवली होती.

आज म्हणालो, बरें. तुझें?
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग पाण्याकडे,
आणि सात मिनिटांची नदी संपेपर्यंत बोलत राहिली.

मंगळवारी रजा टाकलीय.
ताईला अजून सांगितलं नाही.