पांढऱ्या समुद्राचा थांबा

आराखडा क्रमांक एकशे सत्तेचाळीस, खालचा उजवा कोपरा:
आरेखन – श्रीमती व. रा. शिवलकर.
ती मी.
थांबा सातवा, पांढरा समुद्र.
छप्पर, बाक, उतार, फलाटाची कड,
हे सगळं आधी माझ्या टेबलावर उभं राहिलं,
वाळू नाही, गंज नाही,
वारा फक्त उत्तरेच्या बाणापुरता.

छप्पर पुण्याहून आलेल्या नमुन्यातलं.
तिथे पाऊस बहुधा वरून पडत असावा.
इथे तो मिऱ्याच्या डोंगराला वळसा घालून
आडवा येतो, गुडघ्याएवढ्या उंचीवरून,
बाकावर बसतो, आणि माणसं उभी राहतात.

तिकिटाचं यंत्र पश्चिमेला तोंड करून.
दुपारी तीननंतर त्याचा पडदा कुणालाच काही सांगत नाही,
आणि दोन महिन्यांत नाण्याच्या फटीत
गंज येऊन बसला, वतनदारासारखा.

पण हे लहान.

मोठं असं, की फलाट पस्तीस सेंटिमीटरचा काढला
तेव्हा डबे वेगळे ठरले होते.
मग डबे बदलले. खरेदी दुसऱ्या खात्याची.
नव्या डब्याची जमीन चोपन्नवर.
मी वजाबाकी केली, शाळेतल्यासारखी, हातचा घेऊन:
एकोणीस.

समासात लिहिलं, ‘उंची तपासावी. व. शि.’
शिसपेन्सिलीने.
शाईला वरची सही लागते.
आराखडा स्कॅन होऊन मुंबईला गेला.
आमच्या यंत्रात शिसपेन्सिल उमटत नाही.
हे मला माहीत होतं का,
असं चौकशी समितीने विचारलं नाही.
कुणीच विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते:
होतं.

दरम्यान मन्सूर पेंटर
नाक्यावरच्या फलकावर तारीख बदलायचा.
मार्च. मग डिसेंबर.
खाडीतला खांब तिरका निघाला, मग ठेकेदारच निघून गेला,
तेव्हा ‘पावसाळ्यानंतर’,
कोणत्या, ते न लिहिता.
चौथ्या खेपेला तो म्हणाला,
‘बाई, महिना रंगवतो, वर्ष खडूने लिहू?’
रंगाचे इतके थर चढले की
बोटांनी चाचपून वाचता यावी दिरंगाई.

चाचणीची गाडी आली एका मंगळवारी.
माणसांऐवजी वाळूची पोती,
प्रत्येकी पासष्ट किलो, आसनांवर नीट बसवलेली.
वाळू समुद्र बघायला आली, बघून परत गेली,
वेळेवर.

खतिजा होडेकर डोक्यावर टोपली घेऊन
दारं उघडताना बघत होती.
तिने पाय उचलला, हवेतच थांबवला, खाली ठेवला.
‘गाडी आहे की माळा?’
एवढंच म्हणाली, आणि बांगडे विकायला
नेहमीसारखी सहाआसनीने गेली.

पुढच्या चाचणीला तिथे एक चिरा होता,
जांभ्याचा, कुणाच्या तरी गडग्यातून काढलेला,
दुसऱ्या दाराच्या बरोबर समोर.

गोविलकर साहेबांनी तो उचलायला लावला.
निविदेत चिरा नाही.
दुसऱ्या दिवशी होता.
पुन्हा उचलला.
मग तीन होते,
आणि एकावर, पाय घसरू नये म्हणून,
पोत्याचा तुकडा. वाळू अजून त्याच्या शिवणीत.

परवा संध्याकाळी मी टेप घेऊन गेले.
ओहोटी होती, फलाटावर कुणी नव्हतं,
कुत्रं एक, बाकाखालच्या कोरड्या वीतभर जागेत.
चिरा मोजला, दोनदा:
साडेअठरा.
तिथेच बसून तो आराखड्यात काढला,
शाईने, सहीशिवाय,
आणि बाजूला आकडा लिहिला एकोणीस.

अर्धा सेंटिमीटर अजून माझ्याकडेच आहे.