एकास अठ्ठेचाळीस

न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर, मासळीच्या बंद कारखान्यात
आमचा खेळ असतो: एक टेबल, दोन कॅमेरे, एक पांढरी चादर.
पर्पेटुआ बाहुल्या हलवते. मी दोरा ओढतो.
एवढंच माझं काम. पण तो सावकाश ओढायचा असतो,
झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढावा तसा.

टेबलावर बेट. लाकडाचा भुसा, वाळलं शेवाळ, मीठ.
चर्च काडेपेटीएवढं.
खिडकीत एक बाई, करंगळीच्या पेराहून लहान,
तिच्या हातातली किटली म्हणजे शिशाचा थेंब,
तरी चादरीवर वाफ निघते
(पर्पेटुआ नळीतून फुंकते, गाल फुगवून).

मग सरकारचं पत्र येतं, भाताच्या शिताएवढं.
बेट सोडा. पैसे घ्या.
माणसं घराखाली रिकामी पिंपं बांधतात
आणि घरच लोटतात समुद्रात,
दिव्यासकट, पडद्यांसकट.
इथे माझा दोरा.
ट्रेमधलं वीतभर पाणी हलतं
आणि चादरीवर पुढच्या रांगेचे पाय आपोआप वर उचलले जातात.

परवा तिथं लिअँडर पार्डी बसला होता,
ऐंशीच्या पुढचा, टोपी गुडघ्यावर.
घर निम्म्या वाटेत असताना पुटपुटला,
पण रिकाम्या कारखान्यात पुटपुटणंही घुमतं:
"उलटं आहे. आई बेटाकडे बघत होती."

दोरा माझ्या चिमटीत थांबला.
पर्पेटुआनं दोन बोटं पाण्यात घातली.
चादरीवर ढगाएवढा हात उतरला, नखांत निळा रंग अडकलेला,
आणि त्यानं घर फिरवलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
पार्डीनं टोपी घातली. काढली. परत घातली.
मी ओढू लागलो.

दुसऱ्या दिवशी तो कागदी पिशवी घेऊन आला.
त्यात पडद्याचा तुकडा, त्याच खिडकीचा.
वर छापलेलं लाल फूल
आमच्या अख्ख्या घरापेक्षा मोठं.
पर्पेटुआनं भिंगातून पाहिलं, फूटपट्टी लावली,
हसली, मग हसायची थांबली.
कुठे लावणार हे?
कातरी उचलली, ठेवून दिली.
शेवटी सुईच्या टोकानं
कडेचा एक धागा उपसला.

आता घराला तोच बांधलाय.
जुना आहे, मध्येच विरलेला.
आणखी सावकाश ओढावा लागतो.