सावली-३

सावली हे गावाचं नाव. बडोद्याहून बसने तासभर.
गुजरातीत त्याचा अर्थ काय, मी कधी विचारलं नाही.
काचेच्या कुपीवर हिरकणीच्या पेन्सिलने फक्त लिहिलं:
सावली-३. गाय. पाणथरी. ११ मार्च १९७९.

तिसरी गाय वीरम भरवाडची.
पहिल्या दोन आम्ही पोचेपर्यंत चुन्याखाली गेलेल्या.
हिचे डोळे गळत होते, हिरड्यांवर
कोंडा सांडल्यासारखे फोड,
आणि शेपटीखाली जे चाललं होतं
त्यावरूनच आमच्याकडे या रोगाला बुळकांडी म्हणतात.
"बेन, जीवशे?" त्याने विचारलं.
मी बायोकेमिस्ट्रीत पहिल्या वर्गात पहिली,
मला तेव्हा फक्त एन्झाइमांची नावं येत होती.
थर्मासचं झाकण फिरवत राहिले.
झाकण केव्हाच बसलं होतं.

परतताना मांडीवर थर्मास,
खंडेराव मार्केटातल्या मासेवाल्याचा बर्फ,
शेजारची बाई म्हणाली, आइस्क्रीम आहे का?

मग तू.
वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी, बाटलीच्या तळाशी
गवंड्याने फरशी बसवावी तशा एकाला एक लागून.
सहाव्या दिवशी भिंती पडलेल्या,
दहा खोल्यांची एक खोली, मधोमध सगळे केंद्रक
घाबरून गोळा झाल्यासारखे.
सूक्ष्मदर्शकावरून मी डोळा काढला नाही.
आनंद झाला होता, हे वीरमला कसं सांगणार?

बाटलीतून बाटलीत, एकोणनव्वद वेळा.
साखरेच्या द्रावणात रात्रभर गरगर फिरवून
पहाटे खालून दिवा धरला की
नळीच्या मध्यावर तुझा पट्टा, निळसर,
दूध विसळलेल्या पाण्यासारखा.
एवढ्यासाठी मी डबा खाल्ला नाही,
हळदीकुंकवाला गेले नाही, गेले तेव्हा
"तुम्ही काय करता?" यावर "पाळते" म्हणाले.

तुझ्या बाहेरच्या प्रथिनावरचा माझा लेख
परदेशातल्या कुणाच्या तरी लेखानंतर दोन महिन्यांनी पोचला.
छापला, पण लहान. माझं नाव तिसरं.
दांडिया बाजारातल्या सेव-उसळवाल्याने
त्या दिवशी तर्री जास्त घातली, उगाचच.

वीज गेली ती रात्र आठवते?
विश्वामित्रीचं पाणी कंपाउंडपर्यंत,
वॉचमन कनुभाई मगरीच्या भीतीने टेबलावर,
आणि मी फ्रीझरला गोधड्या गुंडाळत होते.
उणे ऐंशीचा काटा उणे बासष्टवर आला.
उणे साठला मी रडले असते.
ज्याने वीरमचं गोठण रिकामं केलं
त्याला ऊब लागू नये म्हणून.

लस खेड्याखेड्यांत गेली.
मग वर्षभर एक नमुना आला नाही. मग पाच वर्षं.
मग कागद आला: जगात हा रोग उरलेला नाही,
आपल्याकडील साठा नष्ट करून कळवावे.

दोन साक्षीदार, तीन प्रती.
"कारण" या रकान्यात डॉ. कस्तुरे म्हणाले,
आदेशानुसार लिहा.
एकशे एकवीस अंश, पाऊण तास.
कुकरच्या शिट्टीची सवय असलेली मी
शिट्टीची वाट बघत उभी. ऑटोक्लेव्हला शिट्टी नसते.
उघडलं तेव्हा कुप्या ओल्या होत्या
आणि अक्षर माझंच, सव्विसाव्या वर्षाचं,
लची गाठ जरा मोठी.

निवृत्तीनंतर एकदा सावलीला गेले.
वीरमचा नातू दूध डेअरीत फॅट मोजतो.
त्याला रोगाचं नाव सांगितलं.
त्याने दोनदा म्हणून बघितलं,
मग विचारलं, कुठल्या गावच्या या?

प्रयोगशाळेतला फ्रीझर अजून चालू आहे.
बंद करायचा आदेश वेगळा लागतो, तो आलेला नाही.
कनुभाईचा मुलगा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो:
उणे ऐंशी. उणे ऐंशी. उणे एकोणऐंशी.